पोटाचं माप

दीड वर्षाच्या माझ्या भाचीला तीन डॉक्टरांनी तपासलं, आणि तिघांनी मिळून अख्खी पोरगी काही पाहिली नाही! डोक्यावर खपल्या धरल्या, तर कातडीच्या डॉक्टरांनी टोपडं तेवढं काढायला लावलं. म्हणाले, कोंडा आहे, मलम लावा. कान वाहायला लागला, तर कानवाल्याने कान तेवढा बघितला. जांघेत लाल पुरळ उठलं, तर तिसऱ्याने पावडर बदलायला सांगितली. आणि माझा धाकटा भाऊ प्रत्येकापुढे नुसती मान डोलावतो. डोकंच फिरलं माझं.

शेवटी शिवणाच्या दुकानाला कुलूप लावलं आणि मीच बरोबर गेले.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कान दाखवा."

"नुसता कान नाही दाखवणार! कान, डोकं, कातडी सगळं एकाच पोरीचं आहे ना?" मी तिथल्या तिथे तिचा फ्रॉक उतरवला.

"ताई, हळू बोल ना," भाऊ पुटपुटला.

बाईंनी खपल्या पाहिल्या, पुरळ पाहिलं. मग पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ चाचपत राहिल्या. "पोट असं कधीपासून आहे?"

भाऊ बायकोकडे बघतो, ती भिंतीकडे.

"अरे, बोला की कुणीतरी!" मी खेकसले. आणि मग मलाच आठवलं. पोरीचे फ्रॉक मीच शिवते, आणि मापांची वही पिशवीतच होती. पाच महिन्यांपूर्वी पोट अठरा इंच. दोन महिन्यांनी वीस. गेल्या महिन्यात बावीस. छाती तेवढीच, दंड उलट बारीक झालेले. शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'शिवण उसवून जागा दिली.' दोनदा.

दोन्ही वेळा मी वहिनीला हसून म्हटलं होतं, "किती चारतेस गं पोरीला!"

"लिव्हर वाढलंय, प्लीहाही," बाई म्हणाल्या. "कातडी, कान, पोट, सगळ्याचं मूळ एकच दिसतंय. हिस्टिओसायटोसिस नावाचा आजार आहे, फार क्वचित होतो. कातडीचा तुकडा तपासला की नक्की कळेल. औषधं आहेत, पण आधीच बराच उशीर झालाय. आजच दाखल करा."

मग त्यांनी वही हातात घेतली. "या तारखा फार कामाच्या आहेत. कुणी लिहिल्या?"

"आमच्या ताईने," भाऊ कौतुकाने म्हणाला. "तिचं बारीक लक्ष असतं."

"गप रे," मी म्हटलं. वहिनी पोरीला फ्रॉक घालत होती. पोटावरचं बटण काही लागेना. वहिनीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.