मी, चार बेडांवरचा मल्चिंग पेपर

लोक मला कागद म्हणतात, म्हणू देत. टोमॅटोच्या बेडवर, म्हणजे मातीच्या उंच वाफ्यावर, अंथरतात तो काळा, पातळ मल्चिंग पेपर मी. तणाला ऊन मिळू द्यायचं नाही आणि मातीची ओल धरून ठेवायची, एवढं माझं काम.

माझं मूळ द्रव्यच असं की मातीतल्या बारीक जीवजंतूंना ते खाता यावं. त्यात मक्याचा स्टार्च घातला, आणि उन्हानं मी आधीच विरू नये म्हणून थोडी काजळी.

दिंडोरीजवळच्या एका शेतात मला आणलं चैतालीनं. तिच्या सासूबाईंनी, नवसाबाईंनी, माझ्यावरून हात फिरवला आणि रोल बाजूला सारला.

"तीन वर्षांमागं एकानं असाच दिला व्हता. उन्हात आपोआप विरघळतो म्हणला. त्यात कायतरी औषध टाकलंय, म्हणला. विरघळला कुठं? नुसतं तुकडं तुकडं झालं. अजून खुरप्याला लागत्यात."

"तो नुसता तुटतो, आई. हा मातीत कुजतो."

"बरं, चार बेडावर टाक. नाय कुजला तर तुकडं तू एकटीनं वेचायचं."

"वेचीन," चैताली म्हणाली.

बाकीच्या बेडांवर नेहमीचा प्लास्टिकचा पेपर पडला, चार बेडांवर मी. मला भोकं पाडली, रोपं लावली. माणसं रोपाला फार जपतात आणि माझ्यावर खुशाल पाय देतात. पण पानांची सावली पडायला लागली, तेव्हा मला ते सगळं आवडू लागलं.

ऑगस्टच्या शेवटी एका भोकापाशी मी चार बोटं फाटलो. चैताली रोज सकाळी येऊन वाकून बघायची. आत्ताच विरलो तर तण माजणार आणि तिचा शब्द खाली पडणार. मी जीव धरून राहिलो. टोमॅटो लाल झाले, क्रेट भरून पिकअप निघाला, तरी मी बेडवर होतो.

तोडा संपला, वेली उपटल्या. काही आठवड्यांनी नवसाबाई स्वतः खुरपं घेऊन बसल्या. शेजारच्या बेडची कड उकरली, तर अख्खी पट्टी हाताला आली. मग माझी कड उकरली. मातीखालचा मी भिजल्या पापडासारखा झालो होतो, अंगावर बुरशीचे पांढरे धागे. त्यांनी चिमटीत धरलं आणि मी बोटांवर चुरलो. तिथंच तीन वर्षांपूर्वीचा एक तुकडा सापडला, चकचकीत, जसाच्या तसा. माझा चुरा आणि तो तुकडा एकाच तळहातावर घेऊन त्यांनी हाक मारली.

"चैताली, इकडं ये गं. गांडूळ घर करून बसलंय तुझ्या कागदात."

"मग वेचायचं काय मी?"

"वेचायला ठेवलंय काय त्यानं? पुढच्या साली सगळ्या बेडावर हाच टाकू."

दोघी बांधावर बसल्या आणि घरात पिकत ठेवलेले शेवटचे टोमॅटो मीठ लावून खाताना हसत राहिल्या. या चार बेडांवरही दरवर्षी याच दिवसांत त्या कंबर धरून प्लास्टिक वेचायच्या.

तुम्हाला कुणी विरघळणारा पेपर देऊ केला, तर एवढं विचारा: कशात विरघळतो, किती दिवसांत, आणि मातीत मागं काय राहतं? नीट उत्तर मिळेपर्यंत रोल उचलू नका.

माझा बोटभर तुकडा अजून उरलाय. वर नवसाबाई मेथीचं बी टाकतायत. मेथी काढायला आली की मला शोधू नका.