झुल्मीराचं बेणं

दोना ओस्मारीना गुरुवारच्या बोटीनं आली. दोन रात्री बोटीत काढलेल्या. खांद्यावर गुंडाळलेली झोपायची झोळी, हातात पिठाची पिशवी. दारातच विचारलं, "कोमाद्रे, माझं बेणं जिवंत आहे ना?"

"आधी आत तर ये," मी म्हटलं.

तिला तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं. पण माझ्या कडेवरच्या योलांदाकडे तिचं लक्ष गेलं आणि झोळी तशीच जमिनीवर टाकून तिनं बाळाला घेतलं. योलांदा तेव्हा सहा महिन्यांची. अनोळखी माणूस पाहिलं की ओठ काढायची. ओस्मारीनाचं बोट मात्र तिनं धरलं आणि थेट तोंडात घातलं.

"हिला अजून वरचं काही देत नाहीस?"

"या आठवड्यापासून."

"मग वेळेवर आले. हे पीठ झुल्मीराचं आहे, शेवटचं. खीर करून घाल हिला." पिशवी माझ्या हातात देऊन ती खुर्चीत बसली. "आता सांग."

सात वर्षांपूर्वी विद्यापीठाची मोठी तुकडी तिच्या नदीतल्या बेटावर गेली होती. वनस्पतीवाले, अन्नवाले, जनुकवाले, डॉक्टर, संगीतवाले आणि शेवटच्या बाकावर आम्ही भाषावाले. सगळ्यांत लहान मी. माझं काम कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, जातींची नावं लिहून घ्यायचं. एकोणीस नावं मिळाली. अठरा जाती उंचवट्यावर, त्यांना वर्ष लागतं. एकोणिसावी खालच्या गाळात. पाणी उतरलं की लावायची आणि पुन्हा चढायच्या आत काढायची, सहा महिन्यांत तयार. तिला ओस्मारीनाच्या आईचं नाव होतं, झुल्मीरा. बेट तिच्यावर जगायचं.

त्याच जूनमध्ये साओ जुआंव या संताच्या सणाला पेटवलेल्या शेकोटीवरून ओस्मारीनानं माझा हात धरून उडी मारली. अशी उडी मारली की त्या दोघी कोमाद्रे होतात, आणि ते नातं मरेपर्यंत सुटत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ओल्या पोत्यात गुंडाळून बारा कांड्या माझ्या हातात दिल्या. नदीवर बेणं एकाच घरात कुणी ठेवत नाही. थोडं बहिणीकडे, थोडं कोमाद्रेकडे. एकीचं बुडालं तर दुसरीकडून आणायचं. तिनं मला ते ठेवायला दिलं होतं.

मी बोटीत बसून ते विद्यापीठाला देण्याचा फॉर्म भरला. नमुना क्रमांक एकेचाळीस. खाली सही केली.

गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी पाणी उंचवट्यावर चढलं आणि तीन महिने हललं नाही. गेल्या वर्षी पाणी आलंच नाही, उरलंसुरलं वाळून गेलं. सरकारनं बेणं वाटलं, वर्षाला येणारं. ते तयार व्हायच्या आत यंदाचं पाणी आलं आणि कंद जमिनीतच सडले. नऊ घरं उरली होती. ऑगस्टमध्ये पाणी उतरेल तेव्हा लावायला झुल्मीरा नसली, तर नऊही घरं शहराच्या कडेला पत्र्याखाली येणार होती. हे सगळं तिनं कॉफी पिताना, योलांदाची पाठ थोपटत सांगितलं, शेजारणीच्या घरातलं सांगावं तसं.

"विद्यापीठात असेल. चल, बघू," मी म्हटलं. बारा कांड्यांचं पुढे काय झालं, हे मला माहीत नव्हतं. सात वर्षांत मी विचारलंही नव्हतं. माझा प्रबंध झाला, तात्पुरती नोकरी लागली, बाळ झालं.

योलांदाला पोटाशी बांधलं आणि निघालो.

वनस्पतीसंग्रहातल्या मुलीनं कपाट उघडलं आणि चेहरा उजळला. "आहे की! एकेचाळीस." जाड कागदावर टाचलेलं एक पान, पाच बोटांचं, तपकिरी पडलेलं.

ओस्मारीनानं जवळून पाहिलं. "हिला कुणी इस्त्री मारली?"

"अशी शंभर वर्षं टिकते, दोना."

"टिकेल गं. पण उठेल का?"

मुलगी हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. "जिवंत काही आम्ही ठेवत नाही. अन्नवाल्यांना विचारा."

अन्नवाल्यांकडेही होतं. काचेच्या बरणीत पांढरंशुभ्र सत्त्व. तिथला तरुण अभिमानानं म्हणाला, "एवढं पांढरं दुसऱ्या कुठल्याच जातीचं नाही. हिच्यावर आमचे अकरा शोधनिबंध आहेत."

"अकरा! आणि धिरडी किती झाली?"

"धिरडी नाही केली, दोना."

"मग कसं कळलं चांगली आहे ते?"

कंद तेवढे आमच्याकडे आले, तो म्हणाला, कांड्या जनुकवाल्यांकडे गेल्या असतील.

मधल्या पडवीत योलांदा रडायला लागली म्हणून बाकावर बसून तिला पाजलं. समोर वैद्यकाची इमारत. ओस्मारीना तिकडे बघत होती. "माझे केस पण तिथंच ना?"

"हो. माशांतून अंगात गेलेला पारा मोजायला घेतले होते."

"आणि थुंकी?"

"ती मागच्या इमारतीत."

"गाणी?"

"संगीत विभागात. चांगली जपलीयेत."

"मग मी तिकडे बेटावर एकटी काय करतेय? निम्म्याहून जास्त तर इथंच आहे." ती मनापासून हसली. मग विचारलं, "आणि तुझ्याकडे काय आहे, कोमाद्रे?"

योलांदाचं डोकं माझ्या हातात घामेजलं होतं. "नाव," मी म्हटलं. "नाव आहे. आणि तू ते कसं म्हणतेस, त्याचा आवाज."

तिनं योलांदाच्या कपाळावरचा घाम बोटानं पुसला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

जनुकवाले प्रोफेसर एल्सिओ फार भले. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, पडदा तिच्याकडे वळवला. चार अक्षरांच्या ओळीच ओळी वर सरकत राहिल्या. "ही बघा तुमची झुल्मीरा. एक अक्षर गळलेलं नाही. सगळीच्या सगळी इथं आहे."

"मग द्या."

एल्सिओंनी माझ्याकडे पाहिलं. मी योलांदाचा मोजा वर ओढला.

"यातून झाड करता येत नाही, दोना. आम्ही तपासायला एक पान तोडून घेतलं आणि काड्या विद्यापीठाच्या शेतावर पाठवल्या. सेऊ वाल्देसीरकडे."

सेऊ वाल्देसीर! मला त्याची टोपी आठवली, चिखलानं कडक झालेली. बावीस वर्षं विद्यापीठाच्या शेतावर होता. आम्ही जवळजवळ पळतच मागच्या फाटकापर्यंत गेलो. शेताच्या जागी सौर पट्ट्या होत्या, ओळीनं, सगळ्या एकाच दिशेला कललेल्या. ऊर्जा विभागाचा प्रकल्प. पहारेकरी म्हणाला, चार वर्षं झाली. सेऊ वाल्देसीरचा ठेकाही तेव्हाच संपला. घर? घर शेवटच्या बसथांब्याला, दारावर आसाईच्या फळांच्या रसाची लाल पाटी आहे.

बसमध्ये ओस्मारीना खिडकीशी बसली. योलांदा तिच्या मांडीवर झोपली होती. "हा बाप्या शेतावरचा ना? मग यानं ठेवली असेल. प्रोफेसर लोक ठेवत नाहीत, हा ठेवेल," ती म्हणाली. मलाही तसंच वाटायला लागलं. मी तर मनात कांड्या मोजायलाही लागले होते. एका झाडाच्या दहा, पुढच्या वर्षी शंभर.

सेऊ वाल्देसीर आसाईचं यंत्र धूत होता. झुल्मीरा म्हटल्यावर त्यानं हात पुसले. "पट्ट्या लावायला यंत्र आलं, त्याच्या आदल्या दिवशी चार काड्या घरी आणल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पण कुणाची तरी ठेव दिसत होती, नीट गुंडाळून आलेली."

ओस्मारीनानं त्याचे दोन्ही हात धरले.

"थांबा दोना," तो म्हणाला. "आधी बघा."

घरामागे सहा झाडं होती. लालसर देठ, पाच बोटांची पानं, कपाटातल्या पानासारखीच, फक्त हिरवी. तीही खालच्या अंगालाच. शेंड्याला पानं नव्हती. बारीक, कोरड्या काटक्यांचे झुबके होते, उलट्या धरलेल्या झाडूसारखे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मार्चपासून. सगळ्या वस्तीत आलाय हा झाडू. खोडात आतपर्यंत जातो. शेतकी खात्याची माणसं पाटी लावून गेलीत, काडी हलवायची नाही."

मी बाहेर जाऊन एल्सिओंना फोन लावला. ते म्हणाले, "होतं, तेल्मा, रोप स्वच्छ करता येतं. शेंड्यातला टाचणीच्या टोकाएवढा कोंब काढून नळीत वाढवायचा. दोन वर्षं धर."

"कुठे करायचं?"

"आपल्याकडेच केलं असतं. पण ती खोली दीड वर्ष बंद आहे. थंड ठेवायचं यंत्र गेलं आणि माणूसही. मी अर्ज टाकतो. खरंच टाकतो."

दोन वर्षं. आणि पाणी ऑगस्टमध्ये उतरणार होतं.

परत आले तेव्हा ओस्मारीना झाडाजवळ उकिडवी बसली होती, खोडाला हात लावून. मी हळूच म्हटलं, "खालची एखादी कांडी चांगली असेल. बघून घेऊ. पोत्यात गुंडाळली तर कुणाला कळणार नाही." मी हे म्हटलं. मी, विद्यापीठाची.

"नदीच्या खालच्या अंगाला रॉशाच्या घरी थोडा कसावा उरलाय, कोमाद्रे. पलीकडच्या काठावरही आहे. आजारी पोर घेऊन मी लोकांच्या घरात जाऊ?"

ती उठली, पोल्कं सावरलं आणि सेऊ वाल्देसीरकडे कोयता मागितला. सहाही झाडं तिनं स्वतः तोडली. कंद उपटले, माती झटकली, धुतले आणि वाल्देसीरच्या बायकोला दिले. कंद खायला हरकत नव्हती. खोडं अंगणाच्या कोपऱ्यात रचून त्यावर रॉकेल ओतलं. ओली होती, पेटायला वेळ लागला. धुरानं योलांदाला ठसका लागला म्हणून मी तिला घेऊन दूर उभी राहिले. आग लागली तेव्हा ओस्मारीना ज्वाळांकडे बघत होती. आपल्या शेजारी यायला तिनं मला हाक मारली नाही.

शनिवारी बोट होती. माझ्याकडे राहा म्हटलं, ऐकलं नाही. घरांना सांगायला हवं, बांधाबांधीला वेळ लागतो, म्हणाली. धक्क्यावर मी तिच्या हातात अन्नवाल्यांकडून मागून आणलेली छोटी बरणी ठेवली. काय द्यावं, हे सुचलंच नव्हतं. तिनं ती उजेडात धरली, झाकण उघडून हुंगली आणि परत दिली.

"वास नाही," म्हणाली.

मग योलांदाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला, पुटपुटून आशीर्वाद दिला. "जपून जा, कोमाद्रे," मी म्हटलं. फळीवर पाय ठेवताना ती मागे वळली.

"तुम्हीही जपून राहा, प्रोफेसोरा."

इतकंच. रागानं नाही. बाजारातल्या ओळखीच्या बाईला म्हणतात तसं, अगदी नीट.

बोट वळणाआड गेली तरी मी योलांदाला तिचा हात हलवायला लावत होते.

रविवारी सकाळी पिशवी उघडली. पिवळं, जाडसर पीठ, धुराचा थोडा वास. दोन चमचे पाण्यात भिजवले, मंद आचेवर ढवळत राहिले. आधी घट्ट झालं, मग पुन्हा पाणी घातलं. चिमूटभर साखर. फुंकर घालून पहिला चमचा योलांदाच्या ओठाला लावला. तिनं तोंड वाकडं केलं, निम्मं हनुवटीवर आलं. मी ते बोटानं पुसून परत तोंडात घातलं. तिनं चव घेतली, भुवया जवळ आणून, फार गंभीरपणे. मग दोन्ही हात टेबलावर आपटले आणि तोंड उघडलं.

पिशवीत साधारण दहा दिवसांचं पीठ आहे.