बोलावल्याशिवाय

"शेवाळ?" कीटकांच्या प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरी, शेवाळ मी फक्त सासऱ्याच्या छपरावर बघितलंय. मी तुला काय मार्गदर्शन करणार, कप्पाळ?"

व्येरा हसली, आभार मानून बाहेर आली. हाही दरवाजा झाला.

तिच्या मार्गदर्शक देसांकाबाई द्राक्षं उतरवण्याच्या दिवसांत अचानक गेल्या. तेव्हापासून व्येरा आपलं पोरकं काम या दारातून त्या दारात घेऊन फिरत होती. मार्चपर्यंत नवा मार्गदर्शक मिळाला नाही तर नाव कमी होणार, असं कचेरीतल्या बाईंनी सांगितलं होतं. सांगताना त्यांनी तिला चॉकलेट दिलं. त्यावरूनच व्येरा काय ते समजली. झऱ्याकाठच्या दगडांवरच्या शेवाळात तिची तीन वर्षं गेली होती. ते टाकून गावी परत जायचं म्हणजे बापाच्या ट्रॅक्टरवर बसायचं. बाप काही बोलला नसता, तेच जास्त लागलं असतं.

खानावळीत त्रिफुन घेवड्याच्या रश्श्यात पाव बुडवत बसला होता. तोही संशोधन करणारा, भुंग्यांवर. तिच्याहून दोन वर्षं पुढे आणि जिभेने दहा वर्षं.

"सगळ्या निश शहरात शेवाळ कळणारा एकच माणूस उरलाय," तो म्हणाला. "नेनादोविच सर. त्यांच्याकडे का जात नाहीस?"

"ते माझ्यावर रागावलेत."

"कशावरून?"

"पहिल्या वर्षी त्यांनी मला स्लावाला घरी बोलावलं होतं. मी गेले, जेवले. पुढच्या वर्षी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. आता तर जिन्यात भेटले की नुसती मान हलवतात. मी त्यांची घरची दारू, राकिया, नको म्हटलं होतं, त्याचाच राग असेल."

त्रिफुनचा घास हातातच राहिला. "मग त्या दोन वर्षी तू गेलीच नाहीस?"

"बोलावल्याशिवाय कशी जाणार?"

"अगं ए शहाणे," त्रिफुनने कपाळावर हात मारला, "घराण्याच्या संताचा दिवस आहे तो. एकदा बोलावलं की झालं, पुढे मरेपर्यंत आपण आपलं जायचं. दरवर्षी बोलावलं तर तो आलेल्याचा अपमान. आणि गेलं नाही तर घरच्यांचा. तू काय लग्नपत्रिकेची वाट बघत बसलीस?"

व्येरा सर्बियाच्या उत्तरेकडच्या बनात भागातल्या स्लोवाकांच्या गावातली. तिच्या लोकांत स्लावा नाही, आणि बोलावल्याशिवाय कुणी शेजाऱ्याच्याही टेबलाशी बसत नाही. आगंतुकाला तिची आई नावं ठेवायची. आईचं ऐकून ती शहाण्यासारखी वागली होती, आणि तेच नडलं होतं.

"उद्याच आहे त्यांचा स्लावा," त्रिफुन म्हणाला. "जा. आणि राकिया दिली तर ओठाला तरी लाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेनादोविचांच्या दारात उभी राहिली. हातात कॉफीचा पुडा आणि वाइनची बाटली. घंटेवर बोट ठेवलं आणि मागे घेतलं. आत लोक हसत होते. आईचा आवाज कानात होता, तरी तिने घंटा दाबली.

दार सरांच्या बहिणीने, बोसिल्काबाईंनी उघडलं. विधुर भावाचं घर त्याच सांभाळत.

"आलीस का?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, रस्ता विसरलीस."

"स्लावाच्या शुभेच्छा," व्येरा कशीबशी बोलली.

बाईंनी गव्हाच्या गोड शिजवलेल्या दाण्यांची वाटी पुढे केली. व्येराने चमचाभर खाल्लं. हे दाणे घेताना इथले लोक छातीवर क्रूस काढतात, तिच्या पंथात काढत नाहीत. ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली, आणि बाईंनीही घाई केली नाही.

टेबलाभोवती शेजारीपाजारी दाटीने बसले होते. सरांनी तिला पाहिलं. चेहरा हलला नाही. त्यांनी बाटली उचलली, छोटा पेला भरून तिच्यापुढे ठेवला. तिने एक घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हळू," सर म्हणाले. मग तिच्या ताटात कोबीच्या पानातला खिमा वाढत विचारलं, "देसांका गेल्यावर कुणाकुणाकडे गेलीस?"

"सगळ्यांकडे."

"मला सोडून."

व्येराने काटा खाली ठेवला. "सर, मला वाटलं तुम्ही मला तोडलंत. पहिल्या वर्षीनंतर बोलावणंच आलं नाही. आमच्याकडे कुणी बोलावल्याशिवाय जात नाही."

सर तिच्याकडे बघत राहिले. "आणि मी म्हणत होतो, या मुलीला आमच्या घरचं जेवण रुचलं नाही. बोसिल्काने खिम्यात मीठ जास्त..."

"माझ्या मिठाला हात लावू नकोस," बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझाच घुमेपणा नडलाय. जिन्यात भेटत होती ना? तोंड शिवलं होतं का तुझं?"

शेजारचे आजोबा म्हणाले, "माझी सासू बोलावल्याशिवाय तीस वर्षं येत होती. या पोरीला तिच्याकडे शिकवणीला धाडायला हवं होतं." सगळे हसले. सरही हसले, पण थोडे उशिरा.

"मुदत कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"मार्च."

"माझी नोकरी तीन वर्षं उरलीय. तेवढ्यात संपवायचं. आणि मी भांडतो, देसांकासारखा गोड बोलत नाही. चालेल?"

"चालेल."

"नुसतं चालेल म्हणू नकोस. जेवण आटप, मग काय ते दाखवतो."

जेवणानंतर त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं. भिंतीला लागून खणांची कपाटं होती, त्यांत चाळीस वर्षांचं वाळलेलं शेवाळ कागदी पुड्यांतून झोपलेलं. सूक्ष्मदर्शकावरचं फडकं त्यांनी काढलं आणि एका पुडीतलं पान पाण्याच्या थेंबात ठेवलं.

खोलीत खुर्ची एकच होती. ती त्यांनी तिच्यापुढे ओढली.

"तुम्ही बसा ना, सर. गुडघे दुखतात तुमचे."

"स्लावाच्या दिवशी यजमान पाहुण्यांपुढे बसत नसतो," ते म्हणाले. "तू बघ."

बाहेरून कुणीतरी त्यांना हाक मारली. ते गेले नाहीत. व्येराने डोळा भिंगाला लावला आणि चक्र हळूहळू फिरवायला सुरुवात केली. म्हातारा तिच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, या पायावरून त्या पायावर भार देत उभा होता.