शीतलचा आवाज

दोष फोनचा होता, याबद्दल भटवाडीच्या धोंडू परबाच्या मनात तीळमात्र शंका नव्हती. लेक शीतल कुवेतला नर्स. दर शुक्रवारी तिचा फोन येई, आणि गेल्या दोन वर्षांत तिचं एक वाक्य त्याला धड कळलं नव्हतं. त्याने तीन फोन बदलले. व्हिडिओवर तिचे ओठ आधी हलत आणि आवाज मागून रखडत येई, म्हणून तो नादही सोडला. "हां, हां, बरो आसंय," म्हणायचं, ठेवून द्यायचं, आणि ती काय म्हणाली असेल याचा विचार करत शनिवार काढायचा. तिचं नुसतं 'बाबा' ऐकायला तो कुवेतला चालत गेला असता.

शेवटी शेजाऱ्यांनी टोचून टोचून त्याला घाटकोपर स्टेशनजवळच्या कानाच्या दवाखान्यात धाडलं. तपासणाऱ्या अक्षताने त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं.

"काका, टूं ऐकू आलं की दाबायचं. अगदी हळू आलं तरी दाबायचं हां."

ती काचेपलीकडे यंत्रापाशी बसली. धोंडू पठ्ठ्या एकदाही चुकला नाही. फोनच भिकार, असं मनात म्हणत त्याने आणखी एकदा बटण दाबलं, तशी ती उठून आत आली.

"काका, आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं. नुसता खांदा हलवला. मिलमध्ये होतात का?"

"साचेखात्यात. सव्वीस वर्सां."

साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कानाने कोण ऐकतो? तिथे माणसं ओठ, भुवया, खांदे बघून बोलणं ओळखत. धोंडूचे डोळे इतके तयार झाले होते की आपण ऐकतोच आहोत, असं त्याला खरोखर वाटायचं.

अक्षता आता पाठ करून बसली. धोंडू बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिला. एक-दोन जाड आवाज आले, मग खूप वेळ काहीच आलं नाही. तिन्ही फोन चांगले होते, हे तेव्हा त्याला कळलं.

तपासणीच्या कागदावरची रेघ जाड आवाजांपाशी सरळ होती, बारीक आवाजांपाशी धाडकन खाली. "बायकापोरांचं बोलणं इथेच निसटतं," अक्षता म्हणाली. "गेलेलं परत येत नाही, काका. मशीन उरलेल्याला जोर देईल, एवढंच."

तिने दोन्ही कानांमागे मशीन बसवलं. पंखा केवढ्यांदा घरघरत होता! धोंडूने शीतलला फोन लावला.

"बाबा? आज तू कसा काय फोन केलास? जेवलास ना?"

शब्द न् शब्द कळला. त्याने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"बाबा, ऐकू येतंय ना?"

"येता गो," तो म्हणाला. "तुझो आवाज आवशीसारखो झालो."

शीतलची आई शेवंती जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेवटी शेवटी तो तिचे नुसते ओठच बघत राहिला होता.

"काहीही काय, बाबा!"

"बोलत रव," धोंडू म्हणाला. "मी मदी बोलूचंय नाय."