कोपऱ्यातलं घड्याळ

ज्या वर्षी या घरातली एकुलती एक मुलगी नर्सची नोकरी घेऊन समुद्रापलीकडे गेली, त्याच वर्षी मी इथे आलो. तिनेच मला आणलं. विमानाला चार दिवस राहिले असताना मला भिंतीवर लावून घेतलं आणि ती गेली. मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, सपाट पडद्याचा. हल्लीचे टीव्ही माझ्याहून पातळ असतात. पण मी नवा होतो तेव्हा मला बघायला शेजारपाजारची माणसं काहीतरी निमित्त काढून येत.

माझ्या पडद्यात लाखो बारीक ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि उजळताना थोडा थोडा झिजतो. चित्र हलतं असेल तर सगळे सारखे झिजतात आणि कुणाला काही कळत नाही. पण एकच चित्र एकाच जागी महिनोन्महिने राहिलं, तर तिथले ठिपके इतरांआधी म्हातारे होतात आणि डाग पडतो. कारखान्यात त्यावर उपाय करून ठेवला होता. रिमोटने मला बंद केलं की माझा लाल दिवा लागतो. तेव्हा मी झोपलेला नसतो. आतल्या आत ठिपके तपासून त्यांना पुन्हा सारखं करत असतो. त्याला थोडा वेळ लागतो आणि थोडी वीज लागते.

या घरातले बाबा निवृत्त लाइनमन होते. तीस वर्षं विजेच्या खांबांवर काम केलेलं. खांबावर चढण्याआधी खालून वीज तोडली आहे ना, हे ते तीनदा बघायचे. त्यांच्या एका जोडीदाराने एके दिवशी एकदाच बघितलं होतं. त्यामुळे काम संपलं की वीज मुळापासून बंद, हा त्यांचा नेम होता. रिमोटने मला बंद केलं की ते लगेच उठायचे आणि भिंतीवरचं बटणही बंद करायचे. माझा लाल दिवा विझायचा. माझं काम तसंच राहायचं.

मुलीने जाण्याआधी माझ्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक घड्याळ लावून दिलं होतं. पांढरी कड, पांढरे आकडे. "हे माझ्या तिकडचं घड्याळ," ती म्हणाली होती. "यात सात वाजले की माझी ड्युटी संपते. तेव्हाच फोन करा, नाहीतर वॉर्डात वाजत राहील."

ती गेल्यावर बाबा सकाळीच मला लावायचे, आवाज बंद ठेवून. मी काय काय दाखवायचो. सिंह हरणामागे धावायचा, जहाजं बुडायची, माणसं गळ्यात पडून रडायची. बाबांची नजर कोपऱ्यातून हलायची नाही.

"आता उठली असेल," ते म्हणायचे. मग थोड्या वेळाने, "आता बसमध्ये बसली असेल."

"बसायला जागा मिळाली का, तेही बघा जरा," आई आतून म्हणायची. पण हात पुसत बाहेर यायची आणि तीही कोपऱ्याकडेच बघायची.

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटायचं. दिवसभर कुणी आपल्याकडे तोंड करून बसावं आणि आपल्याला बघू नये, असं होतं ते. मी एकदा तरी चांगला दिसावा असं मला फार वाटायचं.

चार वर्षं गेली. एके दिवशी फोन आला, की ती वीस दिवसांनी सुट्टीवर येते आहे. आईने त्या आनंदात घड्याळ काढून पूर्ण पडद्यावर सिनेमा लावला. सिनेमात बर्फ होता आणि त्या पांढऱ्या बर्फावर, वरच्या कोपऱ्यात, एक मळकट गोल दिसत होता. कड होती, बाराही आकडे होते. काटे तेवढे नव्हते, कारण काटे फिरत राहिले होते.

बाबांनी मऊ फडक्याने पुसून पाहिलं. मग मेकॅनिकला बोलावलं.

"काका, हा डाग आतून आहे. पुसून नाही जायचा," मेकॅनिक म्हणाला. "बंद कसा करता याला?"

"कसा म्हणजे? आधी रिमोट, मग भिंतीवरचं बटण."

"तिथेच घोटाळा झाला."

"तीस वर्षं मी याच पद्धतीने जिवंत राहिलोय," बाबा म्हणाले.

"खांबावर ते बरोबरच होतं, काका. पण हा बंद झाल्यावर स्वतःची डागडुजी करतो. तुम्ही त्याला रोज मधेच झोपवत आलात."

मेकॅनिकने उजेड निम्म्यावर आणला. चित्र कुणाला कळणार नाही इतकं सरकतं ठेवण्याची सोय सुरू केली. पडदा आतून धुवायला, म्हणजे सगळे ठिपके एकदम सारखे करायला, लावला. त्याला तासभर लागेल, आणि हे उठसूट करायचं नाही, त्यानेही पडदा झिजतो, असं बजावलं. "थोडा डाग जाईल. सगळा जाईल असं सांगत नाही. आणि ते घड्याळ आता लावू नका."

तो गेल्यावर आई म्हणाली, "एवढं काय घाबरायचं? टीव्ही खराब केला म्हणून पोरगी काही मारणार नाही."

"टीव्हीचं कोण बोलतंय? मी दिवसभर काय बघत बसतो, ते तिला कळेल. फोनवर सांगतो बागेत जातो, पत्ते खेळतो. हे कळलं तर ती तिकडे राहायची नाही. सगळं सोडून येईल."

मग बाबा भिंतीवरच्या बटणाशेजारी खुर्ची टाकून तासभर बसले. हात मांडीखाली दाबून धरले होते.

वीस दिवस मी लाल दिव्यात मन लावून काम केलं. आकडे पुसट झाले. कड राहिली. बाबा बोटांवर मोजून तिकडची वेळ काढायचे आणि दरवेळी चुकायचे.

मुलगी आली. बाबा माझ्यावर नुसती जंगलं आणि समुद्राचे तळ लावत. गडद रंगांत डाग दिसत नव्हता. पण एका दुपारी जेवताना जाहिरात लागली आणि तिच्यात एक पांढरीशुभ्र भिंत होती. मुलगी ताटावरून उठली. तिने माझ्या कोपऱ्यावरून बोट गोल फिरवलं.

"बाबा, हे काय?"

"कारखान्यातूनच तसा आलाय."

आई ताटात बघत राहिली. मुलगी परत येऊन बसली.

"बागेत रोज जाता ना?"

"जातो की."

"बागेचं फाटक कुठल्या रंगाचं आहे?"

बाबांनी घास घेतला आणि तो चावत बसले. पुष्कळ वेळ चावत बसले.

सुट्टी संपल्यावर ती परत गेली. जाताना म्हणाली, "कागदपत्रं उरकते आणि येते. आता नाही म्हणू नका." बाबा नाही म्हणाले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्यावर एकच चित्र तासन् तास ठेवू नका. उजेड बेताचा ठेवा. बंद केल्यावर त्याचा लाल दिवा लगेच विझवू नका, त्याचं काम उरलेलं असतं. आणि घरात कुणी रोज एकाच जागी बघत बसलेलं दिसलं, तर कशाकडे बघताय, हे त्याला वेळीच विचारा. डाग पडल्यावर कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

तिच्या कागदपत्रांना आठ महिने लागले. बाबा नऊ फेब्रुवारीला सकाळी वारले. मुलगी पंचवीस फेब्रुवारीला कायमची घरी आली.