फळीवरची बैठक

अण्णा इंग्रजीचे मास्तर. एखाद्या शब्दाच्या नादी लागले की त्यांना तहानभूक राहत नसे, आणि त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता बोर्ड. दोन लाकडी घोड्यांवर टाकलेली लांब फळी हेच त्यांच्या घरचं टेबल. ताटं वाढली की प्रवचन सुरू.

"बोर्ड म्हणजे मुळात ही फळी. जुन्या इंग्रजीत ढालीलाही बोर्ड म्हणत. फळीवर ताटं आली तसं जेवणही बोर्ड झालं, म्हणून तुमचं ते बोर्डिंग. भोवती बसून ठरवणारी माणसं, तीही बोर्ड. जहाजाची कड म्हणजे बोर्ड, तो मात्र दुसऱ्या घराण्यातला शब्द. दिसायला सारखा, म्हणून ह्या घरात नांदायला आला आणि इथलाच झाला."

"माझ्यासारखा," आई म्हणायची. "आता पुरे, निवतंय."

थोरल्या लेकीला, ताईला, हे सगळं पाठ होतं, आणि घर सोडल्यावर त्याचीच फार आठवण यायची. घरातलं काहीही ठरवायचं तर सगळ्यांनी फळीवर तळहात टेकायचे आणि मग मत द्यायचं. ताईचं कॉलेज तिथं ठरलं, धाकट्या भावाची सायकलही. हात न टेकता ठरलेलं अण्णा धरतच नसत.

आई गेली. अण्णांची नजर अधू झाली, एकदा गॅस तसाच चालू राहिला, तेव्हा ताईनं त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. टेम्पो दारात येऊन उभा राहिला, तरी अण्णा खुर्चीतून हलेनात.

"बोर्ड कुठं बसलंय? आधी बैठक घ्या."

धाकट्याचा चेहरा पडला. त्याला हौस दांडगी, विचारायची सवय कमी. फळी ताईच्या लिफ्टमध्ये मावायची नाही म्हणून त्यानं कालच ती मधोमध कापली होती. बिचारा चांगलं करायला गेला होता, पण ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बैठक झाली नाही तर अण्णा इथंच एकटे राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दोघांनी घोड्यांच्या मध्ये स्टूल लावलं आणि तुकडे जोडून मांडले. अण्णांचा हात फळीवरून सरकत गेला आणि कापलेल्या जागी थांबला.

"लिफ्टसाठी कापली, अण्णा," धाकटा म्हणाला. "चुकलो."

अण्णा बराच वेळ त्या फटीवरून बोट फिरवत राहिले.

"हात टेका," ते शेवटी म्हणाले.

दोघांनी टेकले. अण्णा ताईकडे यावेत, दोघांचंही मत तेच. अण्णांनी एक हात आपल्या बाजूला टेकला. दुसरा फटीपलीकडे लांबवला, स्वयंपाकघराकडच्या टोकाला, जिथं गरम भांडी ठेवून ठेवून लाकूड काळं पडलं होतं. तिथं आई बसायची. ताईला रडू आवरेना.

"काय म्हणते ती?" तिनं विचारलं.

"पुरे म्हणते," अण्णा उठत म्हणाले. "निवतंय."