नुसता ठप्पा

वेल्डरच्या पोराला दोघांनी मारलं होतं. एकाने मागून हात धरले, दुसऱ्याने पोट फाडलं. सापडला तो हात धरणारा. दुसऱ्याचं नाव काही त्याच्या तोंडून निघेना. खालच्या कोर्टाने त्याला फाशी सुनावली, तेव्हा वेल्डर आणि त्याची बायको गळ्यात गळा घालून रडले.

"काका, हायकोर्टाने कायम केल्याशिवाय फाशी होत नाही," सरकारी वकीलबाईंनी समजावलं. "पुढे राजधानीतलं कोर्ट आहेच. पण सगळा पुरावा मुळापासून पुन्हा बघणार ते इथे."

वेल्डरने मान डोलावली. त्याच्या लेखी हा नुसता ठप्पा होता. कारखान्यात जोड तपासायला येणारा साहेब तरी कुठे वाकून बघायचा? ठप्पा मारायचा आणि चहा प्यायला जायचा. भला माणूस तेवढ्यावर निर्धास्त राहिला.

निकालाच्या दिवशी थोरल्या न्यायाधीशांनी चष्मा चढवला. "फाशीची शिक्षा रद्द करण्यात येत आहे," त्यांनी वाचलं.

वेल्डरचं डोकंच फिरलं. पुढचं ऐकायला तो थांबला नाही. बायकोने सदरा धरला, तो टर्रकन फाटला.

बाहेर भिंतीला आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. त्याने ते उतरवलं आणि खांबाआड उभा राहिला. थोड्या वेळाने दोन शिपाई बेड्या घातलेल्या त्या माणसाला घेऊन आले. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. दात फरशीवर उडाले.

"सुटतोस काय रे? सुटतोस?"

तिसऱ्या घावाला कवटीचा आवाज आला. मग कुठे शिपायांच्या हाती वेल्डरची मान लागली.

वकीलबाई धावत आल्या. "काका, काय केलंत हे! तो सुटला नव्हता हो! खटला पुन्हा खाली पाठवला होता. दुसऱ्याचं नाव शपथेवर सांगायला तयार झाला होता तो. अजून कुणालाच सांगितलं नव्हतं त्याने..."

नळकांडं गडगडत गेलं. वेल्डर शिपायांना हिसडा देऊन गुडघ्यांवर बसला आणि ते फुटलेलं डोकं त्याने मांडीवर घेतलं.

"नाव सांग रे. एकदाच सांग, बाळा."

त्या माणसाचे डोळे त्याच्याकडे वळले. लोंबणारा जबडा हलला, पण रक्ताखेरीज काही बाहेर आलं नाही.

मागे बायको उभी होती, हातात सदऱ्याचा तुकडा.

"काय म्हणतोय तो?" तिने विचारलं.